खांद्यावरचा श्वास

लिफ्टमध्ये आजोबा शीळ घालत होते, आणि ती शीळ माझी होती. माझी म्हणजे मी बनवलेली. दोन आखूड सूर आणि मग एक लांब, खाली उतरणारा. आजोबांनी त्या लांब सुराच्या शेपटीला स्वतःची एक गिरकीही जोडली होती. वरच्या मजल्यावर राहणारे हे आजोबा. त्यांची माझी ओळख दार धरून ठेवण्यापुरती. हातात दुधाची पिशवी, डोक्याला कानटोपी, नजर लिफ्टच्या आकड्यांवर, आणि ओठांतून माझे ते सूर बाहेर पडताहेत. एखाद्या संगीतकाराला आपली चाल रस्त्यात कुणाच्या तरी तोंडी ऐकू आली तर तो बिचारा हरखून जाईल. मला घाम फुटला. कारण ती चाल नव्हती, धोक्याचा इशारा होता. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं हॉस्पिटलातून घरी जातात तेव्हा त्यांच्या छातीला बांधायला आम्ही एक पट्टा बनवतो. पट्टा बाळाचा श्वास मोजतो, उशाशी एक पेटी असते, पेटीवर हिरवा दिवा. श्वास थांबला की दिवा लाल होतो आणि पेटी हे तीन सूर वाजवते. ते सूर ठरवताना मी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. ते फोनसारखे वाटता कामा नयेत, दारावरच्या बेलसारखे नकोत, दमून मेलेल्या आईला त्यांनी उठवून बसवलं पाहिजे पण तिचे हातपाय गळता कामा नयेत. शेवटी हे तीन सापडले तेव्हा मी आठवडाभर छाती फुगवून हिंडत होते. असे सूर एखाद्या घराला एकदा ऐकू यावेत, नाहीतर कधीच येऊ नयेत. आणि माणूस शीळ कशाची घालतो? जे कानावर इतकं पडलंय की आता ऐकूच येत नाही, त्याची.

मी विचारलं, आजोबा, ही शीळ कुठली? ते जरा बावरले, आपण शीळ घालत होतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग हसले. "ही होय? आमच्या चिंगीच्या पेटीची. दिवसभर गात असते मेली. पहिल्यांदा धावायचो आम्ही. आता कोण लक्ष देतंय?" एवढं बोलून ते त्यांच्या मजल्यावर उतरले. माझा मजला मागेच गेला होता. दार मिटलं, लिफ्ट आपली आपण खाली निघाली आणि मी आरशातल्या माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

लांडगा आला रे आला ही गोष्ट मला लहानपणी कधी आवडली नाही. त्या पोराला सगळे नावं ठेवतात, पण शेवटी मरतात त्या मेंढ्या, त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. घरी येऊन मी पाणी प्यायले, चपला काढायच्या विसरून खुर्चीत बसले आणि मनात आलं, बाईसाहेब, आपण ते पोरच बनवलंय की. आणि वर त्याला गळाही चांगला दिलाय. खोलीत फ्रिज घरघरत होता, बाजूच्या घरात कुणीतरी टेबल सरकवत होतं, आणि मला छतापलीकडून ते तीन सूर येताहेत असा सारखा भास होत होता. आवाजांच्या बाबतीत मी पहिल्यापासूनच अशी आहे, आणि त्याचं मूळ आमच्या बारक्यात आहे. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. आता तो दारातून आडवा होऊन शिरतो, पण लहानपणी काडी होता काडी. त्याला दमा होता. शाळेतून आला की दुपारी त्याची छाती वाजायला लागायची, जुनं दार कुरकुरावं तशी. आई हातातलं काम टाकून त्याच्याजवळ येऊन बसायची, पाठीवर पालथा हात ठेवायची आणि मान तिरकी करून ऐकायची. मी पलीकडे गृहपाठ करत असायचे. करत कसली, वहीवर रेघोट्या ओढत आईच्या तोंडाकडे बघत असायचे, कारण बारक्याची तब्येत मला तिथे वाचता यायची. तिच्या कपाळावरची आठी सुटली की मी पुढचं गणित घ्यायचे. मोठेपणी माझ्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं होतं, तुम्हाला हेच क्षेत्र का निवडावंसं वाटलं? मी समाज वगैरे काहीतरी बोलले. खरं उत्तर होतं, आईला जरा आडवं पडता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर मॅडम खुशीत होत्या. मॅडम म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख, स्वतः जुन्या इंजिनियर, बोलायला कडक आणि मनाने त्याहून कडक. उगाच वाजण्याच्या तक्रारी तशा गेले काही महिने येतच होत्या, त्यावर त्यांनी औषध काढलं होतं. श्वास सापडेनासा झाला की पेटीने लगेच न वाजता आणखी थोडा वेळ थांबायचं, बहुतेक वेळा श्वास परत सापडतो. सोपा उपाय, सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, त्यात माझीही होती. आठवडा संपायच्या आत ते घरोघरच्या पेट्यांत जाणार होतं. मी म्हटलं, पण उगाच का वाजते ते अजून कुठे कळलंय? मॅडम म्हणाल्या, घरातली माणसं पट्टा सैल बांधतात. असेलही. मी जाऊन ठकीसमोर बसले. ठकी ही आमची चाचणीची बाहुली. रबराची, टकलू, डोळे कायम मिटलेले, छातीत एक फुगा आणि फुग्याला बारीक मोटर, त्यामुळे ती खऱ्या बाळासारखी श्वास घेते. कधी उथळ, कधी भरभर, बटण दाबलं तर अजिबात नाही. तिच्या टेबलावर पाटी आहे, ‘हात लावू नये’. तिची देखभाल कल्हईवाल्याकडे. हा आमचा हार्डवेअरचा माणूस, दिवसभर हातात डाग द्यायची सळई आणि तार घेऊन धूर करत बसतो म्हणून हे नाव. संध्याकाळी जाताना तो ठकीवर फडकं पांघरतो आणि आपल्याला कुणी बघत नाही असं समजतो. मी सकाळभर पट्टा सैल केला, घट्ट केला, वाकडा केला, ठकीला उथळ श्वास दिला, धाप दिली. पेटी गरीब गायीसारखी गप्प. एकदाही खोटं बोलली नाही. मला तिचा राग यायला लागला. इथे शहाण्यासारखं वागायचं आणि लोकांच्या घरी जाऊन बोंबलायचं.

तेव्हा संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर गेले. लहान बाळांची मला भीती वाटते हे इथेच सांगून टाकते. बाळांसाठी यंत्रं बनवणाऱ्या बाईने हे बोलू नये, पण खरं आहे. मी कधी कुणाचं बाळ घेत नाही. मैत्रिणी पुढे करतात तेव्हा मी हात ओले आहेत म्हणते. दार आजोबांनी उघडलं. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, सून दुकानात कामाला, दिवसभर चिंगी आणि आजोबा. चिंगी त्यांच्या खांद्यावर होती, मानेत तोंड खुपसून, मुठीएवढं डोकं, पाठीवर आमच्या पट्ट्याची निळी किनार. मी म्हटलं, मीच बनवते हा पट्टा. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, बरं झालं आलीस, बस, आणि खोलीत येरझारा घालायला लागले. खाली ठेवली की रडते म्हणाले, पाठ टेकली की हिला जणू काटे टोचतात, दिवसभर अशीच घेऊन हिंडतो, नातीने मला चालायला लावलंय, डॉक्टरला जमलं नव्हतं ते. त्यांचं बोलणं चालू असताना पेटी वाजली. लाल दिवा, माझे तीन सूर. मी ताडकन उठले. आजोबा खिडकीशी थांबले, मान तिरकी केली, कान चिंगीच्या तोंडाजवळ नेला आणि ऐकलं. क्षणात पेटी गप्प झाली, दिवा हिरवा. आजोबांनी फुस्स करून श्वास सोडला, पुन्हा चालायला लागले, आणि चालता चालता नकळत शीळ. मी उभीच होते. ती तिरकी मान मी आयुष्यभर ओळखत होते. आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट, जी मी लहानपणी रोज बघितली होती आणि कधी ध्यानात घेतली नव्हती. ऐकताना आई श्वास रोखून धरायची. आजोबांनीही धरला होता. त्यांनी धरला आणि पेटी शांत झाली.

घरी येऊन मी आईला फोन केला. तिला वाटलं काहीतरी झालंय, कारण मी वार ठरवून फोन करणारी. मी म्हटलं, आई, बारक्याची छाती ऐकताना तू श्वास का रोखायचीस? ती म्हणाली, हे काय विचारणं झालं. मी पुन्हा विचारलं. "अगं, मग काय करणार? अंगाशी धरलेला असायचा. श्वास घेतला तर माझाच ऐकू यायचा." आणि मग जेवलीस का, अंथरुणाची चादर बदललीस का, बारक्या परत गोड खायला लागलाय, तू तरी सांग त्याला. मी हो हो करत होते आणि डोकं भलतीकडेच धावत होतं. ठकीला आजवर कुणी उचललंच नव्हतं. इतकी वर्षं, इतक्या चाचण्या, आणि आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही की बाळ ही उचलायची वस्तू आहे. आमचं बाळ टेबलावर राहत होतं.

सकाळी ऑफिसात पहिली जाऊन मी पाटी बाजूला केली आणि ठकीला उचललं. ती वाटली त्यापेक्षा जड निघाली. कशी धरायची कळेना, मग आजोबांसारखी खांद्यावर घेतली, रबराचा गाल मानेला थंड लागला, आणि मी टेबलांमधून येरझारा घालायला लागले. खिडकीपर्यंत पोचले नसेन, पेटी ओरडली. श्वास रोखला, गप्प. सोडला, चालले, पुन्हा ओरडली. तिच्या छातीला माझी छाती टेकली होती, माझा श्वास आणि तिचा श्वास पट्ट्यात एकमेकांत मिसळत होते, आणि पेटीला त्यातून काहीच धड लागत नव्हतं. मला हसू फुटलं, आनंदाचं. चोर सापडला होता, आणि चोर मीच होते. कल्हईवाला डबा ठेवायला आला तो दारातच थांबला. त्याच्या तोंडावर असं काही होतं, जणू मी त्याचंच पोर पळवलंय. मी म्हटलं, ओरडू नकोस, तिची मोटर बंद कर. त्याने विचारलं, धरलेलं असताना? मी म्हटलं, हो, धरलेलं असतानाच. हे मी का सांगितलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक मॅडमच्या त्या औषधाने मनात कुठेतरी खुट्ट केलं असेल. त्याने बटण दाबलं. माझ्या हाताखाली ठकीची पाठ हलायची थांबली. रबरच ते, पण हाताला कळलं. मी उभी होते, शांतपणे श्वास घेत, आणि आम्ही दोघंही पेटीकडे बघत होतो. पेटी वाजली नाही. दिवा हिरवा होता. हिरवाच राहिला. बाळ माझ्या खांद्यावर मेलं होतं आणि पेटी सांगत होती सगळं ठीक आहे, कारण मी जिवंत होते. कल्हईवाल्याने हळूच ठकीला माझ्याकडून काढून घेतलं आणि मोटर चालू केली. माझे हात तिला सोडायला तयार नव्हते.

उगाच वाजणं हे मॅडमच्या औषधाने कमी झालं असतं, यात शंका नाही. पेटीने जितका जास्त वेळ वाट पाहावी तितका धरणाऱ्याचा श्वास तिला सापडण्याची शक्यता जास्त. ती आनंदाने गप्प बसली असती. घरोघरी शांतता झाली असती आणि तक्रारी थांबल्याबद्दल आम्ही केक कापला असता. हे सगळं मी मॅडमना सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी आकडे मागितले. माझ्याकडे आकडे नव्हते, ठकी होती. मी ती त्यांच्या खांद्यावर दिली. त्यांनी ती ज्या सराईतपणे घेतली, एक हात खाली, एक मानेमागे, त्यावरून आठवलं की यांची मुलं आता कॉलेजात आहेत. कल्हईवाल्याने बटण दाबलं. मॅडम हिरव्या दिव्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा तळवा ठकीच्या पाठीवर आपोआप थोपटायला लागला. मग त्या म्हणाल्या, "हे बाहेर जाणार नाही. आणि ज्यांच्या घरी पट्टा आहे त्या प्रत्येकाला आजच कळलं पाहिजे."

सगळ्यांना फोन गेले. आजोबांना मी स्वतः सांगायला गेले. सांगितलं, चिंगी अंगाशी असताना पेटीवर विसंबू नका, पाळण्यात असताना ती बरोबर सांगते, खांद्यावर असताना सांगेलच असं नाही. त्यांनी विचारलं, म्हणजे हिला उचलायची नाही का? मी म्हटलं, उचला हो, उचलायचीच. फक्त हात पाठीवर ठेवा आणि तुमचं लक्ष हाताकडे ठेवा, पेटीकडे नको, आणि ती वाजली तर मात्र प्रत्येक वेळी बघा. मी लवकर आणते नवीन. लवकर या शब्दाला आमच्या धंद्यात काय किंमत असते ते मला माहीत होतं, तरी बोलून बसले. त्यांनी हात चिंगीच्या पाठीवर पालथा ठेवला. आईचाच हात, फक्त केसाळ.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात विचित्र आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगले दिवस होते. मी ठकीला झोळीत घालून ऑफिसभर हिंडत असे. मीटिंगला ठकी, जिन्यात ठकी, चहाच्या यंत्रापाशी ठकी. हिशेब विभागातल्या बायका विचारायच्या, कितवा महिना? कुणीतरी तिला लोकरीचं टोपडं आणून घातलं. मी बाळ पाडण्याच्या भीतीने इतकी वर्षं हात मागे घेतले होते, आणि आता जेवतानाही एक हात आपोआप रबराच्या पाठीवर असायचा. पण उत्तर काही मिळेना. एकच कान असलेल्या माणसाने गर्दीत कुणाचा आवाज कुठला ते कसं सांगावं? आईचं वाक्य मी मनात घोळवत होते. आई स्वतःचा श्वास थांबवायची, पेटी माझा थांबवू शकत नाही. पण आईला निदान हे माहीत होतं की यातला आपला कुठला. ते पेटीला कळलं तरी पुरे होतं. आणि एका दुपारी जिना चढताना, मला धाप लागलेली, ठकी छातीशी, तिच्या पोटावर एक बोट आणि पाठीवर एक बोट असं मी उगाच धरलं होतं, तेव्हा बोटांनाच ते कळलं. माझ्या श्वासाने माझी दोन्ही बोटं एकदमच हलत होती, एका दिशेला, बरोबरीने. ठकीच्या श्वासाने ती एकमेकांपासून लांब जात होती, आणि जवळ येत होती. मी जिन्यातच बसले. वरून येणारे दोघे थांबून विचारायला लागले, बाळ ठीक आहे ना? मी म्हटलं, बाळ ठीक आहे.

पट्ट्याला पाठीकडून दुसरा कान, म्हणजे दुसरा सेन्सर, बसवायचा, एवढंच. दोन्ही एकदम हललं तर तो धरणाऱ्याचा, बाजूला ठेवायचा. त्यांच्यातलं अंतर हललं तर तो बाळाचा. सांगायला एवढंच, करायला मात्र कल्हईवाल्याने पहिले पट्टे जाळले, माझं गणित पळत्या माणसाच्या खांद्यावर फसलं, पुन्हा बसलं, आणि ऑफिसातल्या जाड, किडकिडीत, म्हाताऱ्या, घोरणाऱ्या अशा सगळ्यांनी आळीपाळीने ठकीला अंगाखांद्यावर वागवलं. मॅडम आरामखुर्चीत तिला पोटावर घेऊन चक्क झोपल्या, चाचणी म्हणून. त्या झोपेत बटण दाबलं तेव्हा माझे तीन सूर असे खणखणीत वाजले की मॅडम किंचाळून उठल्या, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना राग आला. मग नाही आला.

परवा लिफ्टमध्ये आजोबा भेटले. चिंगीला झोळीत घेऊन बाहेर निघाले होते, डॉक्टर म्हणालेत आता काही आठवडेच पट्टा, मग सुट्टी. नव्या पट्ट्याची पेटी लहान आहे, झोळीलाच अडकते. आजोबा शीळ घालत होते, कुठलंतरी जुनं गाणं, बेसूर. मी म्हटलं, आजोबा, आणि ती पेटीची शीळ? ते म्हणाले, कुठली? मी म्हटलं, ती हो, तुम्ही मागे घालायचात. त्यांनी ओठ पुढे काढून प्रयत्न केला. पहिला सूर चुकला, दुसरा भलतीकडे गेला, तिसऱ्यावर ते स्वतःच हसायला लागले. गेली डोक्यातून, म्हणाले, किती दिवसांत वाजली नाही. लिफ्ट खाली पोचली, त्यांच्या चपलेची पट्टी निसटली होती. "धर जरा हिला," असं म्हणून त्यांनी चिंगीला झोळीतून काढून माझ्या हातात दिलं आणि खाली वाकले. हात ओले आहेत म्हणायला वेळच मिळाला नाही. ती गरम होती. ठकी कधीच गरम नव्हती. तिने माझ्या मानेत नाक खुपसलं, मुठीत माझे केस धरले, आणि माझा पालथा हात तिच्या पाठीवर गेला. मी मान तिरकी केली आणि पेटीकडे बघत ऐकत राहिले. हाताखाली पाठ वर येत होती, खाली जात होती, आपली आपण, कुणाचं ऐकून नाही. आजोबा पट्टी लावून उठले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, श्वास घे की."

मी घेतला, चांगला पोटापासून. दिवा हिरवा राहिला. तो तिच्यासाठी होता.